शिवणीतली माया

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आम्ही इंदूरच्या दोघी जावा.

या वेळचं चिंतन आम्ही लिहावं असं बैठकीत ठरलं तेव्हा आम्ही आधी नकोच म्हटलं. आम्ही काही अभ्यासू नाही. आमच्या घरात एक जुनं पायमशीन आहे, सासूबाईंचं. ते गेली तीसपस्तीस वर्षं आम्ही दोघी मिळून चालवतो. एक बेतते, दुसरी टीप मारते. घरातल्या प्रत्येक बाळाची झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी, बोरन्हाणाचे काळे कपडे, गॅदरिंगचे पोशाख, लेकीसुनांसाठी गोधड्या, सगळं याच मशीनवर झालं. तेव्हा जे लिहू ते शिवणातलंच लिहू. जरा मोठं झालंय. गुरुवारची आरती आटोपली की सवडीनं वाचा, आणि घरात मोठ्यांदा वाचून दाखवलंत तर अजून बरं.

प्रश्न साधा आहे. महाराजांनी एका गुरुवारी तो बैठकीत टाकला आणि उत्तर न देता आरतीला उठले. *"हातानं करून दिलेली वस्तू, दिल्यानंतर कुणाची?"*

सगळे हसले. ज्याला दिली त्याची, यात विचारायचं काय! आम्ही दोघी मात्र हसलो नाही. एकमेकींकडे बघितलंही नाही. कारण त्या वेळी आमच्या घरात याच गोष्टीवरून आठ महिने अबोला चालला होता.

आधी एक छोटी गोष्ट सांगतो, मग मोठी.

आमचा नातू पहिलीत होता. शाळेत फॅन्सी ड्रेस. आम्ही लगेच ठरवलं, विठोबा करायचा. इथे शाळेत बहुतेक मुलं हिंदी घरांतली. राम, कृष्ण, हनुमान, झाशीची राणी दरवर्षी असतात, आपला पंढरीचा विठोबा कोण दाखवणार? आपणच ना? सीतलामाता बाजारातून पिवळं साटीन आणलं. एका विरलेल्या माहेश्वरी साडीचा काठ सोडवून पितांबराला लावला. पुठ्ठा कापून त्यावर काळी मखमल चिकटवली, मुकुट झाला. कानातली मकरकुंडलं थर्माकोलची. बुटांच्या खोक्याला तांबडा कागद गुंडाळून वीट केली. नऊ संध्याकाळी बसलो होतो. छाती, कंबर, उंची, डोक्याचा घेर, सगळी मापं घेतली.

पोरगं पहिल्या दिवसापासून सांगत होतं, "आजी, मला कचरागाडीवाले काका व्हायचंय." आमच्या इंदूरच्या लोकांना हे कळेल. 2017 पासून आमचं शहर स्वच्छतेत वर्षानुवर्षं देशात पहिलं येतंय, आणि सकाळी गाणं वाजवत कचरागाडी आली की लहान पोरं बादली घेऊन धावतात. त्या काकांचं जाकीट, हातमोजे, गाडीच्या मागे लटकून येणं, हे त्याचं दैवत. आम्ही हसून सोडून दिलं. म्हटलं, विठोबा झालास की किती छान दिसशील बघ.

कार्यक्रमाच्या दिवशी तो विटेवर उभा राहिला, कमरेवर हात ठेवले. खरंच गोजिरा दिसत होता. बाईंनी माइक पुढे केला तर घसा फुगवून म्हणाला, "मी विठोबा नाहीये. हे आजीनं केलंय." सगळं सभागृह हसलं. आम्ही मेल्याहून मेल्यासारखं झालो. घरी येताना रिक्षात आमच्या दोघींच्याही तोंडून एकच वाक्य निघालं, "एवढं केलं त्याच्यासाठी!"

ते वाक्य लक्षात ठेवा. *एवढं केलं त्याच्यासाठी.*

आता मोठी गोष्ट. आमच्यातल्या मोठीचा धाकटा मुलगा पुण्याला असतो. त्याला मुलगी झाली. बाळंतविडा तर केलाच, पण मोठीच्या मनात होतं की नातीला सासूबाईंच्या साड्यांची गोधडी द्यायची. सासूबाईंच्या पाच सुती साड्या ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. गोधडी म्हणजे काय काम असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. बेळगावकडच्या आमच्या भगिनी तिला वाकळ म्हणतात, त्यांच्या कानडी शेजारणी कौदी म्हणतात. नाव काही घ्या, पाठ सारखीच मोडते. साड्यांचे थर नीट अंथरायचे, सुरकुती राहू द्यायची नाही, कच्चे टाके घालायचे, मग कडेपासून आत आत धावदोरा घालत यायचं. मशीनवर नाही, हातानं. तीन महिने लागले. मोठीच्या बोटांना भोकं पडली, धाकटीनं सुया ओवून दिल्या, कारण मोठीला आता सुईचं नाक दिसत नाही.

गोधडी पुण्याला पोचली. सुनेचा फोन आला, फोटो आला, सगळं छान. पुढे काही महिन्यांनी आम्ही दोघी तिकडे गेलो. गोधडी पाळण्यात नव्हती, पलंगावर नव्हती. चहा पिताना बाल्कनीत नजर गेली. त्यांचा म्हातारा कुत्रा पाय पसरून झोपला होता. त्याच्या अंगाखाली आमची गोधडी. सासूबाईंची निळी साडी, तिच्यावर केस आणि लाळ.

मोठी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीची बस धरून आम्ही परत आलो. त्यानंतर तिनं सुनेशी बोलणं सोडलं. मुलाचा फोन आला की "बरी आहे" म्हणून धाकटीकडे द्यायची. त्या दिवाळीला ते आले नाहीत. आम्ही बोलावलंही नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

धाकटीनंही आगीत तेल ओतलं, हे इथे कबूल करायला हवं. "ताई, तुमच्या जागी मी असते तर गोधडी उचलून आणली असती," असं ती चार वेळा म्हणाली.

हे सगळं मनात असताना महाराजांनी तो प्रश्न विचारला. घरी आलो, देवापुढे दिवा लावला. समोर दत्तगुरूंची तसबीर. मागे गाय, पायाशी चार कुत्री. रोज त्या तसबिरीला हार घालतो. ते चार वेद आहेत, असं मुलांना सांगतो. त्या दिवशी धाकटी तसबिरीकडे बघता बघता हळूच म्हणाली, "ताई, गोधडी कुत्र्याखाली होती म्हणून आपण चिडलो का? की आपण केली होती म्हणून चिडलो?"

मोठीनं उत्तर दिलं नाही. पण त्या रात्री ती झोपलीही नाही.

आता विचाराकडे येऊ. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितलेत. देणं हे कर्तव्य आहे म्हणून, परतफेडीची आशा न ठेवता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीसाठी, फळावर डोळा ठेवून किंवा मनात कुढत दिलेलं ते राजस. तुच्छतेनं, अनादरानं दिलेलं ते तामस. आम्ही पारायणात हा अध्याय कितीदा वाचलाय! पण दान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे याचक येतो, देऊळ येतं, अन्नछत्र येतं. घरातल्या घरात दिलेलं झबलं हेही देणंच आहे, त्यालाही ही कसोटी लागू आहे, हे कधी सुचलं नाही.

बाहेर देणं तसं सोपं असतं. अन्नछत्रात शंभर रुपये दिले तर ते कोण जेवलं ते आपण बघायला जात नाही. घरात दिलेलं मात्र आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. घातलं का? कधी घातलं? कुणासमोर घातलं? फोटो कुठे लावला? विकतच्या वस्तूचं एवढं होत नाही. दुकानातून आणलेला फ्रॉक पोरीनं घातला नाही तर आपण म्हणतो, नसेल आवडला, बदलून आणू. हातानं शिवलेला घातला नाही की म्हणतो, माझी किंमत नाही. कारण त्यात आपले दिवस गेलेले असतात, डोळे गेलेले असतात. म्हणजे *वस्तू जितकी प्रेमाची, तितका तिच्यावर आपला हक्क जास्त*, असं आपण मनात धरून बसलेलो असतो. देतो पूर्ण, पण सोडतो अर्धंच.

शिवणकाम करणाऱ्यांना एक साधा नियम माहीत असतो. शेवटचा टाका झाला की गाठ मारायची आणि दोरा तोडायचा. दोरा न तोडता कपडा कुणाच्या अंगावर घातला तर तो चालला की सुई त्याच्याबरोबर ओढली जाते, आणि टोचते त्यालाच. आम्ही गोधडी पुण्याला पाठवली, दोरा मात्र इथे इंदूरला धरून ठेवला होता. आठ महिने तो ताणत होतो.

पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळं सांगितलं. तेव्हा आमच्या एक गुरुभगिनी, निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी चांगलीच हरकत घेतली. म्हणाल्या, "हे मला पटत नाही. सगळा दोष देणाऱ्याचाच? मग घेणाऱ्यानं काहीच जपायचं नाही का? अशानं पुढच्या पिढीला कृतघ्नता शिकवाल. आणि अपेक्षाच ठेवायची नसेल तर डोळे कशाला फोडायचे? ऑनलाइन मागवा आणि मोकळे व्हा."

त्यांचं म्हणणं खोटं नाही. त्याला टाळून पुढे गेलो तर हे चिंतन पोकळ होईल. कृतज्ञता हा घेणाऱ्याचा धर्म आहेच. पण आम्हाला असं वाटतं की तो घेणाऱ्याचा *धर्म* आहे, देणाऱ्याची *वसुली* नाही. ज्याचा धर्म त्यानं पाळायचा. आपण दुसऱ्याचा धर्म त्याच्याकडून वसूल करायला गेलो की आपला स्वतःचा हातातून सुटतो. मुलांना कृतज्ञता कशी शिकवायची? आपल्याला मिळालेल्या गोष्टींचं आपण काय करतो, ते बघून मुलं शिकतात.

इथेच आमची फजिती झाली.

त्याच आठवड्यात अस्तराचं कापड शोधायला जुनी ट्रंक उघडली. अगदी तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन पोलकी निघाली. खणाची. एक हिरवं, एक जांभळं. बघताक्षणी दोघींना आठवलं. आमची लग्नं वर्षाच्या अंतरानं झाली, तेव्हा सासूबाईंनी प्रत्येकीला एकेक पोलकं हातानं शिवून दिलं होतं. त्यांच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरायला लागला होता. टाके वाकडेतिकडे. आम्हाला त्या वेळी पफ बाह्यांचे, शिंप्याकडून शिवलेले ब्लाउज हवे असायचे. आम्ही ती पोलकी एकदाही घातली नाहीत. एकदाही नाही.

आणि सासूबाईंनी कधी विचारलंही नाही. प्रत्येक हळदीकुंकवाला आम्ही शिंप्याचे ब्लाउज घालून निघायचो, आणि त्या ओट्यावर बसून म्हणायच्या, "छान दिसता गं दोघी." आम्ही मनात म्हणायचो, बघा, म्हातारीला आठवतसुद्धा नाही. आज आम्ही त्यांच्याच वयाच्या होत आलोय. आता कळतं, तीन दिवस खपून शिवलेलं पोलकं कोणतीच बाई विसरत नाही. त्यांना आठवत होतं. त्यांनी दोरा तोडला होता, एवढंच.

आम्ही त्या दिवशी ट्रंकेपाशी बसून रडलो, हे सांगायला लाज वाटत नाही. आपल्या सुनेनं गोधडीचं काय केलं याचा हिशेब आठ महिने मांडणाऱ्या आम्ही, स्वतः तीसपस्तीस वर्षं काय केलं होतं?

मग धाकटी म्हणाली, घालून तर बघू. अर्थातच आखूड, तंग. पण पोलकं उलटं केलं आणि दोघी थबकलो. शिवणीच्या आत चांगलं इंचभर कापड सोडलेलं होतं. शिवणात त्याला आपण *माया* म्हणतो. घातलेल्या कपड्यात ती दिसत नाही. मूल वाढलं, अंग भरलं, तर शिवण उसवायची आणि ती माया बाहेर काढायची, कपडा मोठा होतो. शिंपी कापड वाचवायला कमी माया ठेवतो. घरची बाई जास्त ठेवते. शिवण उसवली तर आतलं कापड कोरं करकरीत, मूळच्या हिरव्या रंगाचं. बाहेरचं सगळं विटून गेलं होतं. धाकटीला पोलकं आलं. मोठीला नाही आलं, तिनं नुसतंच खांद्यावर टाकून बघितलं.

आपल्या भाषेत हा शब्द कुणी आणि कसा घातला असेल कोण जाणे. पोथीत माया म्हणजे बांधून ठेवणारी. आईची माया म्हणजे जीव लावणारी. आणि शिवणातली माया म्हणजे दुसऱ्याला वाढायला आत ठेवलेली जागा. आपल्यासारख्या संसारी भक्तांचा सगळा गोंधळ या एका शब्दात आहे. प्रवचनात ऐकतो, माया सोडा. घरी येतो तर पोरं म्हणतात, आजीची माया कमी झाली. काय सोडायचं आणि काय ठेवायचं?

आम्हाला त्या पोलक्यानं सांगितलं ते असं. *माया आत ठेवायची, दोरा बाहेर तोडायचा.* जीव लावायचा, भरपूर लावायचा, पण तो शिवणीच्या आत. त्यात समोरच्याला वाढायला, बदलायला, आपल्याला न आवडणारं काही करायला जागा हवी. ज्या प्रेमात ही जागा नसते तो कपडा पहिल्याच वर्षी तंग होतो, आणि काखेत उसवतो. मग आपण म्हणतो, पोरगं हाताबाहेर गेलं. पोरगं नुसतं वाढलेलं असतं.

आपल्या संप्रदायाला अवधूताचे चोवीस गुरू ठाऊक आहेतच. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला ते सांगतो. त्यातला एक कपोत आहे, कबुतर. बायकापोरं जाळ्यात अडकलेली बघून त्यानं स्वतःलाही जाळ्यात झोकून दिलं. आणि एक बाण करणारा आहे. कामात इतका गढला की बाजूनं राजाची मिरवणूक गेली ती त्याला कळली नाही. पूर्वी आम्हाला वाटायचं, संसारी माणूस म्हणजे कपोतच, आपल्याला दुसरं काय जमणार! पण धावदोरा घालताना, खरं सांगा, आपण कितीदा तो बाण करणारा झालेलो असतो? दुपार कशी सरली कळत नाही. ओठांवर नाम असतं, बोटं आपोआप चालतात, मन त्या बाळाजवळ असतं जे अजून जन्मालाही आलेलं नाही. तो आनंद तेव्हाच मिळून गेलेला असतो. मजुरी पदरात पडलेली असते. नंतर आपण दुसऱ्यांदा मजुरी मागायला जातो, "आवडलं का? घातलं का?" म्हणून. तिथे बाणवाल्याचा कपोत होतो. नामदेव महाराज शिंपी कुळातले. त्यांनी तर गज आणि कातरीलाच साधन केलं. तेव्हा सुईदोऱ्यात परमार्थ नाही असं कुणी समजू नये.

दिलेल्या वस्तूचं पुढे काय होणार, हे देणाऱ्याच्या हातात नसतंच. महात्मा गांधींचं उदाहरण घ्या. 1947 च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांचं लग्न झालं. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची विणलेली जाळीदार वस्तू त्यांना भेट पाठवली. लग्नाच्या भेटींमध्ये ती मांडली गेली, तर नवरीच्या आजीला, क्वीन मेरींना, ती पंचासारखी लंगोटी वाटली, आणि असली भेट पाठवली म्हणून त्यांनी नापसंती दाखवली. दोन महिन्यांनी गांधीजी गेले. पुढे कितीतरी दशकांनी भारताचे पंतप्रधान भेटायला गेले, तेव्हा त्याच राणीनं ती वस्तू जपलेली होती आणि काढून दाखवली. एकाच घरात एकीनं नाक मुरडलं, दुसरीनं जन्मभर जपलं. सूत कातणाऱ्याला यातलं काय ठरवता आलं असतं? त्याच्या हातात फक्त सूत होतं.

पण म्हणून देणाऱ्यावर काहीच जबाबदारी नाही असं नाही. गीतेनं योग्य जागा, योग्य वेळ, योग्य माणूस म्हटलंय ना? आम्ही नातवाची छाती मोजली, कंबर मोजली, मन मोजलं नाही. विठोबा आम्हाला हवा होता, इथल्या शाळेत आपलं मराठीपण मिरवायला. त्यात वाईट काही नव्हतं, पण मग "त्याच्यासाठी केलं" हे म्हणणं खोटं होतं. आमच्यासाठी केलं होतं, त्याच्या अंगावर. महाराजांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते खूप हसले. म्हणाले, "अहो, पोर बरोबर सांगत होतं. हातात झाडू घेतलेला एक संत तुमच्या महाराष्ट्रातच होऊन गेला ना? गाडगेबाबा. मग कचरागाडीवाल्या काकांत तुम्हाला देव का दिसला नाही?"

पुढच्या वर्षी आम्ही जाकीट शिवलं. त्यावर चमकत्या पट्ट्या लावल्या, मोठ्या आकाराचे हातमोजे आणले, पुठ्ठ्याची गाडी केली. बक्षीस काही मिळालं नाही. पण पोरगं रात्री जाकीट घालूनच झोपलं. आणि गंमत म्हणजे जुना मुकुट त्याच्याच खेळण्यांत सापडला, कधीमधी आपणहून घालतो.

आता पुण्याचं. मोठीनं फोन केला. आठ महिन्यांनी. आधी म्हणाली, "माझं चुकलं गं." पलीकडे बराच वेळ शांतता. मग सून म्हणाली, "आई, तुम्ही तेव्हाच विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुत्रा शेवटाला आला होता. डॉक्टरांनी मऊ काहीतरी अंथरा म्हणाले. घरात त्याहून मऊ काही नव्हतं. आणि पिल्लू रोज स्वतःच गोधडी ओढत त्याच्याकडे नेऊन तिथेच झोपायची." मग जरा थांबून म्हणाली, "मला खरं वाईट वाटलं ते तुम्ही बोलणं टाकलंत त्याचं. त्यापेक्षा गोधडी परत नेली असती तरी चाललं असतं."

सासूबाईंच्या साड्यांवर एका मुक्या जिवानं शेवटचे दिवस काढले, त्याच्याशेजारी आमची नात झोपत होती, आणि आम्ही दत्ताच्या तसबिरीला हार घालत अबोला धरून बसलो होतो!

इथे एक सावधगिरी. तुम्ही म्हणाल, चला, सुनेचं कारण चांगलं निघालं म्हणून मिटलं. तसं नाही. समजा कारण चांगलं नसतं. समजा तिला गोधडी आवडलीच नसती, म्हणून तिनं ती बाल्कनीत टाकली असती. तरीही आठ महिने न बोलण्याइतकं ते मोठं होतं का? आमचं उत्तर, नाही. वाईट वाटलं असतं, आणि वाईट वाटण्यात पाप नाही. ते एकदा बोलून दाखवायचं होतं, "मला लागलं गं." वाईट वाटणं हा जीव लावल्याचा खर्च आहे. तो ज्याचा त्यानं सोसायचा. त्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडायचं नाही.

आणि घेणाऱ्यांनाही एक विनंती. वयानं लहान असाल, तुमच्या घरी आजीनं, मावशीनं, आत्यानं शिवलेलं काही कपाटाच्या तळाशी पडलं असेल, तर ते रोज वापरा असं आम्ही म्हणणार नाही. फक्त एकदा उलटं करून शिवण बघा. किती माया सोडलीय ते बघा. ती बाई अजून असेल तर फोन करा. आम्हाला फोन करायला आता कुणी उरलेलं नाही.

बैठकीत आम्ही आपसांत काही गोष्टी ठरवल्या आहेत. तुम्हाला पटल्या तर घ्या.

*एक,* शिवायच्या आधी विचारायचं. मुलालाही विचारायचं. "सरप्राइज" बऱ्याचदा आपल्याच हौसेचं असतं.

*दोन,* दिल्यावर घालून दाखव म्हणून आग्रह नाही, आणि पुढच्या भेटीत चौकशी नाही.

*तीन,* फाटलं, उसवलं, डाग पडला म्हणून परत आलं तर आनंदानं दुरुस्त करायचं. जी वस्तू वापरात असते तीच दुरुस्तीला येते.

*चार,* मन दुखावलं तर आठ दिवसांच्या आत बोलायचं. दोरा जितका जास्त ताणू तितका हात कापतो.

आता दत्तजयंती आली, पाठोपाठ संक्रांत. घरोघर बोरन्हाणाची काळी झबली शिवायला बसाल, हलव्याचे दागिने ओवाल. त्या दिवशी बाळ नक्की रडणार, मुकुट ओढून टाकणार, हार तोडून हलवा खाणार. खाऊ द्या. त्याच्यासाठीच केलंय ना?

पुण्याची मंडळी या दिवाळीला आली. सुनेनं पिशवीतून गोधडी काढली. धुतलेली होती, एका बाजूनं फाटली होती. "आई, दुरुस्त होईल का?" मोठीनं जुन्या चादरीचा तुकडा कापून ठिगळ लावलं, धाकटीनं सुई ओवून दिली. संध्याकाळी गोधडी परत पिशवीत गेली. आता ती तिथे कुणाच्या अंगावर जाणार, की कुणाच्या अंगाखाली, हे आम्ही विचारलं नाही. मोठीनं गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला.

महाराजांच्या चरणी आमची एवढीच प्रार्थना आहे, की असा दोरा प्रत्येक वेळी तोडण्याचं बळ मिळो, आणि आतली माया कधी कमी न पडो.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त. 🙏